बरड जमिनीत कडधान्याचा कोणता वाण तग धरतो, आणि कशाच्या जोरावर?

मुरमाडकर

नमस्कार. माझी शेती यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आहे. त्यातला साडेतीन एकरांचा एक तुकडा टेकडीच्या उतारावर असून तेथे वखर जरा खोल गेला की मुरूम वर येतो. माती परीक्षणाच्या अहवालानुसार सामू (पीएच) ७.९, सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त कमी, पालाश (पोटॅश) मात्र पुरेसे आहे. गेली सहा वर्षे तेथे सोयाबीन घेतो आणि एकरी झडती (उत्पन्न) अडीच-तीन क्विंटलांच्या वर जात नाही.

त्याच शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) मात्र आमच्या आजीच्या काळापासून चालत आलेली तूर आहे. तिचे बियाणे राखेत घोळून मडक्यात ठेवण्याची पद्धत आईने अजून सोडलेली नाही. या तुरीला कधी खताचा दाणा मिळालेला नाही, तरी दरवर्षी ती डोक्याच्या वर जाते आणि शेंगांनी वाकते. दोन वर्षांपूर्वी शेताच्या आत विकत आणलेल्या सुधारित वाणाच्या तुरीचे आठ तास (ओळी) टाकले होते. ती कमरेएवढी झाली आणि पिवळी पडली.

माझा प्रश्न असा आहे की, जुना वाण खरोखरच उपाशी जमिनीला सरावलेला असतो, की हा माझा भ्रम आहे? शेणखत घाला, डीएपी घाला, हे मला ठाऊक आहे. तो सल्ला कृपया देऊ नये. एकाच मातीत एक वाण पोट भरतो आणि दुसरा उपाशी राहतो, तेव्हा तो पहिला नेमके काय वेगळे करतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

वऱ्हाडी_वाण

तुरीचा बीडीएन ७११ वाण पेरा. दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत हातात येते आणि हलक्या जमिनीत ओल संपण्याआधी सुटते. विषय संपला.

उपहासराव

ज्या धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात विषय संपतो, तो धागा संक्रांतीपर्यंत चालतो, असा येथला अनुभव आहे. मी सतरंजी टाकून बसलो आहे.

माती_आणि_मी

मुरमाडकर, आपला प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी नोकरीची तीस वर्षे माती तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे वाणांपेक्षा मातीच्या बाजूने बोलेन.

जमिनीत स्फुरद नसतो असे फारसे घडत नाही. तो असतो, पण बांधलेला असतो. कोणत्या खुंट्याला बांधलेला आहे, हे मातीच्या जातीवर ठरते. तांबड्या, लोहयुक्त मातीत तो प्रामुख्याने लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तो चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी बांधला जातो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिच्या आवारात काळी व तांबडी अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत. तेथे जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू ए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९९० साली प्रसिद्ध झाले. तांबड्या मातीत स्फुरद न देता पिके वाढवली असता ज्वारी व सोयाबीनसारखी पिके उपाशी राहिली आणि तूर मात्र वाढली. त्याचे कारण त्यांनी असे मांडले की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल नावाचे द्रव्य सोडतात. ते लोहाला पकडते आणि लोहाच्या मुठीतला स्फुरद मोकळा होतो. पुढच्या अभ्यासांत तुरीच्या मुळांतून मॅलॉनिक आणि सायट्रिक आम्लेही बाहेर पडत असल्याचे दिसले, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या पिसिडिक आम्लाला देता येत नाही.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सांगतो. ही करामत लोहाशी बांधलेल्या स्फुरदावर चालते. आपली जमीन बसाल्टच्या मुरमाची असून तिचा सामू ७.९ आहे, तेथला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधलेला असणार. त्यामुळे "तूर कोणत्याही मातीतून स्फुरद ओढून काढते" असे जे सरसकट सांगितले जाते, ते आपल्या शेतापुरते तरी मी मान्य करणार नाही.

धानपट्टा

मी साकोलीकडचा, भंडारा जिल्ह्यातला. माती_आणि_मी यांचे म्हणणे वाचून एक जुने कोडे सुटल्यासारखे वाटले. आमच्याकडे जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावे आहेत आणि बरडी म्हणजे तांबूस, खडेयुक्त, ज्यात धानही कष्टाने येते अशी. तिच्या धुऱ्यावर आम्ही पिढ्यान् पिढ्या तूर लावतो. सोयाबीन करून पाहिले त्यांनी एका हंगामात हात टेकले, तूर मात्र कधी रुसली नाही. आम्ही याला धुऱ्याचे पुण्य समजत होतो. मुळांच्या आम्लाचा विचार मनात आला नव्हता.

येथे लाखोरीचाही (लाख या कडधान्याचाही) उल्लेख व्हायला हवा. धान कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरीचे बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही, आणि धानाने चोखून काढलेल्या त्याच मातीत ती दाणा देते. दाण्यातल्या ओडॅप या विषारी घटकामुळे ती बदनाम झाली. तो घटक कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण नंतर आले, तरी आमच्या गावात घरचेच बी चालते.

काळी_कन्हार

मी वर्धा जिल्ह्यात स्वतः शेती पाहते. मुरमाडकर भाऊ, आपल्या तुलनेत एक मोठी खोट आहे आणि ती अजून कोणी दाखवली नाही, याचे नवल वाटते. आपण जुनी तूर धुऱ्यावर पाहिली आणि नवी तूर शेतात पाहिली. धुऱ्यावर वखर-डवऱ्याने ढकललेली माती साचते, उतारावरून वाहून आलेला गाळ अडतो, तणाचा पाला कुजतो, बैल बांधले तर शेणमूतही तेथेच पडते, आणि दोन्ही बाजूंना मोकळी हवा मिळते. धुऱ्यावर जमिनीची खोली हातभर असेल आणि आत वीतभर. मग तेथली तूर डोक्यावर गेली, तर तो वाणाचा गुण की जागेचा?

यंदा अदलाबदल करा. आजीची तूर आत पेरा आणि विकतची तूर धुऱ्यावर लावा. त्यानंतर जे दिसेल त्यावर बोलू.

उपहासराव

ताई, सासूला सुनेच्या खोलीत आणि सुनेला सासूच्या खोलीत ठेवण्याचा हा प्रयोग धाडसी आहे. निकालाची प्रत सर्वांना मिळावी.

बियाणेवाला

कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणून थोडे बियाण्याच्या बाजूनेही लिहितो. सुधारित वाणांना खादाड ठरवणे योग्य नाही. मारोती, आशा, बीएसएमआर ७३६ हे वाण लोकांनी स्वीकारले ते प्रामुख्याने मर रोगामुळे. जुन्या तुरीचे शेतच्या शेत मर रोगाने वाळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मडक्यातल्या बियाण्याचे एवढे कौतुक वाटणार नाही. आपल्या धुऱ्यावर रोग कमी दिसतो, कारण झाडे विरळ आहेत.

दुसरी गोष्ट, आजीची तूर आता आजीची राहिली आहे का? तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण बरेच होते. शेजारच्या शेतात वीस वर्षे सुधारित तूर असेल, तर मडक्यातले बी हे जुन्या-नव्याचे मिश्रण असण्याची शक्यता मोठी आहे. हरभऱ्याचे तसे नाही. तो स्वतःच्याच परागावर भागवतो, म्हणून घरचा हरभरा बराच काळ घरचाच राहतो.

माती_आणि_मी

बियाणेवाला यांचा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे. पहिल्या मुद्द्याला मात्र एक पुरवणी जोडतो. वाणांची निवड होते ती प्रामुख्याने संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रांवर, आणि तेथे शिफारशीप्रमाणे हेक्टरी २० ते २५ किलो नत्र (नायट्रोजन) व ५० किलो स्फुरद दिलेले असते. भरल्या ताटावर कोण अधिक जेवतो, हे त्यातून कळते. रिकाम्या ताटावर कोण टिकतो, हे त्यातून कळेलच असे नाही. यात कोणाची लबाडी नाही, कारण नापीक जमिनीत माती दर दहा पावलांवर बदलते आणि तेथे दोन वाणांतला खरा फरक मोजणे अतिशय अवघड जाते.

परदेशी_पाटील

मी मूळचा पुसदचा. काही वर्षे कामानिमित्त मलावीत होतो. तेथील शेतकरी मक्यात तूर किंवा भुईमुगात तूर घेतात आणि बहुतेकांना रासायनिक खत परवडत नाही. तूर सुरुवातीचे दोन महिने इतकी सावकाश वाढते की भुईमुगाला तिची अडचण होत नाही. भुईमूग निघाला की तिला मोकळे रान मिळते. पाने गळून शेतातच पडतात आणि पुढच्या वर्षी मका त्या जागी हिरवागार दिसतो. शेजारच्या मोझांबिकमधली तूर आयात करण्यासाठी भारताने २०१६ साली करार केला, तेव्हा आपल्याकडे भावावरून बरीच ओरड झाली. ओरडण्याचे कारण योग्यच होते, पण ती तूर बहुतांशी बिनखताच्या शेतांतली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

राजम्यावरचे एक कामही येथे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातले जोनाथन लिंच यांनी दाखवले की स्फुरद कमी असलेल्या जमिनीत राजम्याचे जे वाण मुळे आडवी, वरच्या थरात पसरवतात आणि ज्यांची केशमुळे लांब व दाट असतात, ते अधिक स्फुरद मिळवतात. स्फुरद मातीत फारसा सरकत नाही. पाला कुजून, खत पडून तो वरच्या वितीतच राहतो. त्यामुळे मुळालाच त्याच्याकडे जावे लागते.

काळी_कन्हार

पाटील काका, आपण लिहिले ते वाचून लगेच पेच दिसला. आपल्या बरडावर स्फुरद वर आणि ओल खाली. आडवी मुळे पसरवणारा वाण पावसाच्या एका मोठ्या खंडात वाळणार, आणि सरळ खाली जाणारा वाण पाणी पिणार पण उपाशी राहणार. मग झाडाने करावे तरी काय?

परदेशी_पाटील

ताई, पेच खरा आहे आणि तो अभ्यासकांनाही छळतो. दोन्हीकडे मुळे पाठवणारे झाड हवे, पण मुळे वाढवायलाही अन्न लागते आणि तेवढे दाण्यातून कमी होते. तूर हा पेच वेळेने सोडवते असे मला वाटते. सहा महिने जमिनीत राहिल्यामुळे तिला आधी वर आणि मग मुरमाच्या भेगांतून खाली, अशी दोन्ही कामे करायला सवड मिळते. म्हणूनच वऱ्हाडी_वाण यांच्या बीडीएन ७११ बद्दल मला थोडी शंका आहे. तो लवकर सुटतो, हे ओलीच्या दृष्टीने चांगले. पण कमी दिवस म्हणजे मातीतून स्फुरद गोळा करायलाही कमी दिवस.

वऱ्हाडी_वाण

शंका रास्त आहे, तरी उत्तर देतो. हलक्या जमिनीत डिसेंबरात ओलच उरत नाही, तेव्हा एकशे ऐंशी दिवसांचे झाड उरलेले तीस दिवस काय गोळा करणार? धूळ? माझ्याकडे दिग्रस रस्त्याच्या बरडावर आशा आणि बीडीएन ७११ शेजारी शेजारी होते. आशाची झाडे मोठी दिसत होती, पण शेवटच्या बहराचे दाणे चिमले होते. स्फुरद मुळांनी आणला तरी तो दाण्यापर्यंत पोहोचवायला पाणीच लागते.

खारपाण

दर्यापूरकडचा आहे. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात जमीन खोल पण खारट-चोपण, तेव्हा आमचे दुखणे निराळे. हरभऱ्याबद्दल मात्र अनुभव सांगतो. ओल अडली की काही वाणांचे कोवळे शेंडे पिवळे पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची उपासमार आहे. लोह मातीत भरपूर असते, पण चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही. त्याच शेतात, त्याच दिवशी पेरलेला दुसरा वाण हिरवा राहतो, इतका वाणावाणात फरक असतो. पिवळेपणा पाहून लोक युरिया टाकतात, आणि तो वाया जातो. नत्र कमी असेल तर खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात; लोह कमी असेल तर वरची, कोवळी पाने. मुरमाडकरांच्या आठ तासांत कोणती पाने पिवळी झाली होती?

मुरमाडकर

खरे सांगायचे तर मी ते पाहिले नाही. पिवळे दिसले आणि मन उडाले. यंदा पाहीन.

माती_आणि_मी

हरभऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो की मुरमाडकरांच्या मातीत खरा कसबी हरभराच ठरण्याची शक्यता आहे. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून ओले फडके फिरवून आंब गोळा करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे झाड किती आम्ल तयार करते ते सांगायला नको. पानांवरच्या आंबेत प्रामुख्याने मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात. मुळांचा कारभार वेगळा आहे, पण तेथूनही मॅलॉनिक, सायट्रिक, मॅलिक ही आम्ले बाहेर पडतात आणि चुन्याशी बांधलेला स्फुरद त्यांनी विरघळतो. तांबडी माती तुरीची आणि चुनखडीची माती हरभऱ्याची, असे मी थोडे धाडसाने म्हणेन. अडचण एवढीच की वीतभर मातीत रब्बीला ओल राहत नाही.

उपहासराव

म्हणजे तुरीला हवी ती माती साकोलीत, हरभऱ्याला हवी ती माती दारव्ह्यात, आणि पाणी दोघांच्याही वाट्याला नाही. हा सरकारी बदल्यांसारखा प्रकार आहे.

बियाणेवाला

गाठींबद्दल अजून कोणी लिहिले नाही. मूग, उडीद, बरबटी (चवळी), तूर, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच आहेत आणि ते या सगळ्यांना बहुधा चालतात. सोयाबीन परक्या देशाचे पीक आहे, त्याचा जिवाणू वेगळा आहे, हरभऱ्याचाही वेगळा. जेथे हे पीक पूर्वी झालेले नाही, तेथे रायझोबियम, म्हणजे या जिवाणूंचे संवर्धन, बियाण्याला लावल्यावाचून गाठी मोजक्याच येतात. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन लावायचे असते, सावलीत लावायचे असते, आणि बुरशीनाशकाच्या आधी नव्हे तर नंतर लावायचे असते. लोक पाकीट घेऊन जातात आणि ते उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवतात. मग संवर्धन फसले म्हणून मलाच सांगायला येतात.

ब्राझीलने सोयाबीनचे वाण निवडतानाच नत्राचे खत न देता, गाठींच्या भरवशावर निवडले. योहाना डोबेरायनर या बाईंनी त्यासाठी आग्रह धरला होता. तेथे आजही सोयाबीन बहुतांशी नत्राच्या खताविना घेतात.

काळी_कन्हार

ब्राझीलच्या सोयाबीनला नत्र नसले तरी चुना आणि स्फुरद भरपूर दिला जातो, हेही सांगायला हवे. गाठींना स्वतःलाच स्फुरद फार लागतो. माझ्या एका तुकड्यात संवर्धन लावूनही गाठी मोहरीएवढ्या राहिल्या. फोडल्या तर आतून पांढुरक्या. गाठ काम करत असेल तर आतून गुलाबी-लाल दिसते. शेजारच्या पट्टीत सिंगल सुपर फॉस्फेट पडले होते, तेथे त्याच बियाण्याच्या गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या आणि लाल होत्या. भाऊंनी खताचा सल्ला देऊ नका म्हटले आहे, म्हणून मी सल्ला देत नाही. फक्त काय दिसले ते सांगते.

माती_आणि_मी

ताईंनी सल्ला न देता दिलेला सल्ला मला पटला. सोयाबीनबद्दल एक हिशेब मांडतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे एका क्विंटलमध्ये साधारण ६.४ किलो नत्र. मुरमाडकरांचे तीन क्विंटल बाजारात गेले की एकरी १९ किलो नत्र शेताबाहेर गेले. त्यातले निम्म्याच्या आसपास हवेतून आले असे धरले, तरी उरलेले मातीतून गेले. कुटारही (भुसाही) शेताबाहेर जात असेल तर अधिक. तुरीच्या दाण्यात प्रथिने २१-२२ टक्केच असतात आणि पाला शेतात गळतो, म्हणून तिचा हिशेब सौम्य आहे. आणि जो वाण बांधलेला स्फुरद सोडवतो, तो नवा स्फुरद निर्माण करत नाही. स्फुरद हवेतून येत नाही. मुदतठेव मोडून घर चालवणाऱ्याला आपण कमावता म्हणत नाही, तसेच आहे हे.

वऱ्हाडी_वाण

ठेव मोडू नये हे मान्य. पण ती बँकेत पडून कुजत असेल आणि घरात पोरे उपाशी असतील, तर मोडावीच लागते, साहेब.

मुरमाडकर

(सात महिन्यांनंतर)

उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. काळी_कन्हार ताईंनी सांगितल्याप्रमाणे अदलाबदल केली. आत सहा तास आजीची तूर, सहा तास बीडीएन ७११, आणि दोन्हींच्या मध्ये बरबटी. धुऱ्यावर अर्ध्या भागात आजीची आणि अर्ध्या भागात विकतची.

धुऱ्यावर दोन्ही तुरी डोक्याच्या वर गेल्या. उंचीवरून ओळखू येत नव्हत्या. फुलांच्या रंगावरून ओळखाव्या लागल्या. म्हणजे माझा निम्मा भ्रम तेथेच गेला. आत आजीची तूर छातीपर्यंत आली, बीडीएन ७११ त्याहून हातभर कमी. पण आजीच्या तुरीचा दुसरा बहर ओलीअभावी गळला आणि दाण्याचे वजन केले तेव्हा सहा तासांमागे दोघींत दोन-अडीच किलोंचाच फरक निघाला, तोही बीडीएनच्या बाजूने. खारपाण यांनी विचारले होते म्हणून ऑगस्टमध्ये मुद्दाम पाहिले. खालची पाने पिवळी होती, वरची हिरवी. चार झाडे उपटली तर बीडीएनच्या मुळांवर गाठी थोड्या आणि आतून फिकट होत्या. आजीच्या तुरीवर गाठी अधिक होत्या, आणि तिचे सोटमूळ मुरमाच्या भेगेत इतके घुसले होते की ते मध्येच तुटले.

सर्वांत मोठा धक्का बरबटीने दिला. तिला कोणी मोजतच नव्हते. साठ-सत्तर दिवसांत शेंगा दिल्या, वेल जागीच कुजला, आणि तिच्या मुळांवरच्या गाठी फोडल्या तेव्हा बोटे लाल झाली. पुढल्या वर्षी सोयाबीन त्या तुकड्यातून काढतो आहे. आजीच्या तुरीचे बी मात्र ठेवणार. मडके आईने आत्ताच राख चाळून तयार ठेवले आहे.

काळी_कन्हार

भाऊ, बियाण्यासाठी शेंगा धुऱ्यावरच्या झाडांच्या घेऊ नका. ती झाडे कोणत्याही वाणाची असती तरी वाढलीच असती. आतल्या तासांत, जेथे मुरूम सर्वांत वर आहे, तेथली जी पाच-दहा झाडे सर्वांआधी शेंगांनी भरली असतील, त्यांच्याच शेंगा तोडून वेगळ्या मडक्यात ठेवा. आणि त्या बरबटीचे पायलीभर बी मला हवे आहे. आमच्याकडचे बोंडअळीच्या फवारणीच्या धांदलीत कोणी राखलेच नाही.

मुरमाडकर

ताई, आतल्या शेंगा कालच झोडपून एकत्र केल्या. धुऱ्यावरच्या अजून उभ्या आहेत. बरबटीची पायली पाठवतो.

उपहासराव

संक्रांत उलटली. मी सतरंजी उचलतो.